बारशाआधीचा फोटो

रहाटणी,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय अनुया,

अनेक आशीर्वाद. वहिनीचे आशीर्वाद तू हल्ली घेतेस की नाही ते माहीत नाही, पण पत्र असंच सुरू करायचं असतं असं आमच्या शाळेत शिकवतात. मी त्याच शाळेत मुलांना चित्रकला शिकवते, तेव्हा नियम मोडून कसं चालेल!

पत्र बघून हसशील. तू राहतेस ते मारुंजी काही सातासमुद्रापार नाही. पण फोन तू उचलत नाहीस, मेसेज टाकला तर तो वाचल्याच्या निळ्या खुणा येतात आणि पुढे शुकशुकाट. स्वतः यावं तर डॉक्टरांनी रिक्षात बसायला बंदी घातली आहे, आणि तुमच्याकडच्या रस्त्यांचे खड्डे पाहता त्यांचं बरोबरच आहे. कुरियरवाला तुझी सही घेतल्याशिवाय हलणार नाही, म्हणून हा खटाटोप.

घरची खबर सांगते. तुझ्या दादाला चाकणच्या कंपनीत आता तपासणीच्या कामावर घेतलंय. पगार तोच, डोकेदुखी दुप्पट. कंपनीच्या बसमध्ये झोपतो आणि घरी येऊन जागा राहतो. आईंचे गुडघे ठणकतात, पण लिफ्ट बंद पडली की सगळ्यांच्या आधी त्याच जिना चढून येतात आणि वर आम्हालाच ऐकवतात, "तुमच्या वयाची हुते तवा डोक्यावर हंडा घिऊन चढायची मी." दिवाळीत अनारसे बिघडले, तुझी आठवण निघाली. म्हणजे मी काढली. आई गप्प बसल्या, पण उठूनही गेल्या नाहीत, एवढं लक्षात ठेव.

नवरात्रात माझं डोहाळजेवण झालं. तुला कळवलं होतं. ज्योतीराम स्टुडिओवाल्याला बोलावलं होतं. फुलांचे दागिने घालून मला होडीत बसवलं, चंद्रावर बसवलं, हातात धनुष्यबाण दिला. पायांना सूज आलेली, तोंडाला मेकअप थापलेला, आणि मी पृथ्वीवर उतरलेल्या अप्सरेसारखं बघायचं! गंमत म्हणजे आई स्वतः पोझ सुचवत होत्या. पोटाचे फोटो चालतात म्हणे, पोटातल्याचे चालत नाहीत. शेवटी सगळ्या घराचा एकत्र फोटो काढताना ज्योतीरामने विचारलं, "सगळे आले ना?" आई म्हणाल्या, "व्हय, आलं सगळं." फोटो चांगला आलाय. तुला एक प्रत ठेवली आहे.

या वेळी सगळ्या तपासण्या नीट आहेत. पोटातल्या बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी करून घेतली, तीही नीट आली. आई रोज देवापुढे साखर ठेवतात. मी रोज डॉक्टरांचा कागद वाचते.

तर, एक छोटंसं काम होतं. तुझा तो जुना फोन अजून आहे का? कोपऱ्यात काच तडकलेला? विकला नाहीस ना? नवा घेताना बदल्यात देऊन टाकला असशील तरी त्यातलं सगळं कुठे ना कुठे राहतं असं म्हणतात, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यातले काही फोटो हवे होते. घाई नाही.

घाई आहे. डॉक्टरांनी पंधरा डिसेंबर ही तारीख दिली आहे. त्याच्या आत मिळायला हवेत.

कुठले फोटो ते तुला कळलं असेल. मी "फोटो" लिहिलं तरी तो एकच आहे, हेही तुला माहीत आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
निवेदिता वहिनी


रहाटणी,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय अनुया,

तुझं पार्सल मिळालं. झबली सुंदर आहेत, कापड मऊ आहे, पिवळं तर फारच गोड. आत तुझी चिठ्ठी होती: "वहिनी, तो फोटो मी तेव्हाच डिलीट केला होता, सगळ्यांसमोर. काळजी घे." बस. पुढे सहीसुद्धा नाही.

मी यावर विश्वास ठेवत नाही. स्पष्टच लिहिते. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या कपाटात चौथीच्या सहलीचं बसचं तिकीट होतं, तुटलेल्या पट्ट्याची चप्पल होती, आणि कुठल्याशा मैत्रिणीने दिलेल्या चॉकलेटचा चुरगळलेला कागद होता. तू काही टाकत नाहीस. आईंच्या धाकाने तू बटण दाबलं असशील, पण तो गेला नसेल. फोनच्या दुकानातला मुलगा मला म्हणाला, पुसलेला फोटो महिनाभर कचऱ्याच्या डब्यात पडून राहतो, मग जातो. त्या महिन्यात तू एकदाही त्या डब्यात डोकावली नाहीस? तू?

आता जे पहिल्या पत्रात लिहायला हात धजला नाही ते लिहिते. मला त्याचा चेहरा आठवत नाही, अनुया.

दोन वर्षं झाली. हे मी अजून तुझ्या दादालाही सांगितलेलं नाही. त्याला वाटतं मी रोज बाळाला डोळ्यांसमोर आणून रडते. मी रडते ते तो डोळ्यांसमोर येत नाही म्हणून. त्याचं वजन आठवतं. मानेखाली हात घातला की लागायचा तो ओलसर घाम आठवतो. आवाज आठवतो. चेहऱ्याच्या जागी मात्र काहीच नाही, कुणीतरी खोडरबर फिरवल्यासारखं झालंय.

किती वेळ पाहिलाच होता मी त्याला? सकाळी जन्मला, दुपारपर्यंत कुशीत होता. संध्याकाळी त्याचे ओठ निळे दिसायला लागले आणि त्याला काचेच्या खोलीत नेलं. पुढे मी पाहिलं ते नळ्या, पट्ट्या आणि हातापायाची बोटं. तिथे फोन न्यायची परवानगी नव्हती. असती तरी आम्ही कुठे काढणार होतो! तो घरी येणार, बारसं होणार, मग हवे तितके फोटो काढायचे, असंच सगळे धरून चाललो होतो. हृदयाला भोक होतं, रक्ताच्या नळ्या जिथे जोडायला हव्यात तिथे जोडलेल्या नव्हत्या. नवव्या दिवशी गेला. बारसंच झालं नाही, म्हणून नाव नाही. हॉस्पिटलच्या पट्टीवर नाव होतं ते माझं.

त्याच्याजवळ फक्त ती एक दुपार होती आणि त्या दुपारी तू ऑफिस टाकून आलीस. माझ्या उशाशी उभी राहिलीस, फोन काढलास, काढलासही. तेवढ्यात आई डबा घेऊन आत आल्या.

"आगं ये! बारशाआदी फोटू काढतीस व्हय? दीठ लागती लेकराला!"

"आई, एकच काढलाय गं."

"एक काय न् धा काय. काढून टाक आदी. माज्यासमूर काढून टाक."

तू टाकलास. आईंच्या थोरल्या बहिणीचं मूल जत्रेत फोटो काढल्यावर आठवड्यात गेलं होतं, ते त्यांच्या मनात घर करून बसलंय. ते मी समजू शकते. पण आपलं बाळ गेल्यावर शेजारपाजारच्या बायका बसलेल्या असताना त्या जे ओरडल्या, "फोटूनं खाल्लं माजं लेकरू," ते मी आतल्या खोलीत पडल्या पडल्या ऐकलं. दूध थांबवायच्या गोळ्या घेऊन डोकं बधिर झालेलं. घर सोडून जायला तू बॅग भरल्याचा आवाजही ऐकला. मी उठले नाही. मला तेव्हा तू दिसत नव्हतीस, आई दिसत नव्हत्या, कुणीच दिसत नव्हतं. त्याची माफी मागायला मी हे लिहीत नाहीये. ती कधीतरी समोरासमोर मागेन, किंवा तूच माझी मागशील, ते बघू. मला फोटो हवाय.

तू म्हणशील, दोन वर्षांनी आत्ताच काय झालं? सांगते.

गणपतीत आईंनी ज्योतीरामला गाठलं. त्याच्याकडे काहीतरी नवीन आलंय, आईबापांचे फोटो घातले की बाळाचा चेहरा तयार होतो. आईंनी आमच्या लग्नाचा अल्बम नेऊन दिला. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, म्हातारीने रडून मागितलं, त्याने करून दिलं. मोठी सोनेरी फ्रेम आली. अण्णांच्या फोटोशेजारी तुझ्या दादाने खिळा ठोकला. बाळ हसतंय, अनुया. एका दिवसाचं मूल कधी असं हसतं? गोरंपान, टपोरे डोळे, दोन्ही गालांना खळ्या. आपल्या घरात कुणाला खळी आहे? बेबी पावडरच्या डब्यावरून उठून आल्यासारखं ते दिसतं. आई त्याच्यापुढे दिवा लावतात, जास्वंद वाहतात, आणि आल्यागेल्याला सांगतात, "आगदी असाच हुता बघा." ज्या बाईने खऱ्याचा फोटो ठेवू दिला नाही तिने खोट्याला फ्रेम केली. पहिल्या दिवशी मी हसले. खरंच हसले, वेड्यासारखी. तुझा दादा मात्र त्याच्यापुढे उभा राहून हमसून हमसून रडला.

आणि आता भीती ही आहे की त्या रिकाम्या जागी हे फ्रेममधलं पोरगं येऊन बसायला लागलंय. डोळे मिटले की खळ्या दिसतात. परवा मी पेन्सिल घेऊन बसले. म्हटलं, वीस वर्षं हातात ब्रश धरतेय, हाताला तरी आठवेल. पहिलं चित्र कॅलेंडरवरच्या बाळकृष्णासारखं आलं. दुसरं तुझ्या दादासारखं. तिसऱ्याला खळी पडली. कागद फाडले आणि गॅसवर जाळले. आई म्हणाल्या, दिवस गेलेल्या बाईने असं जाळू नये.

तुझा दादा म्हणतो त्याला भरपूर केस होते, काळेभोर. मी म्हणते जवळजवळ टकलू होता. यावरून आम्ही एकदा असे भांडलो की खालच्या मजल्यावरून फोन आला. आपल्याच मुलाच्या डोक्यावर केस होते की नाही हे ज्यांना ठाऊक नाही असे आईबाप तू कुठे पाहिलेस का?

दादाची एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. गेल्या महिन्यात गॅसच्या पावतीचा फोटो शोधायला मी त्याचा फोन उघडला. मागे मागे जाता जाता त्या तारखेचा एक फोटो निघाला. त्यात काहीच नाही. सगळा अंधार, कडेला जरासा लालसर. विचारलं तर आधी विषय बदलला, मग सांगितलं. त्या दिवशी तो शिफ्ट अर्धी टाकून थेट कंपनीतून आला होता. तिथल्या गेटवर फोनच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवतात ना, आत कुणी फोटो काढू नये म्हणून, तो काढायचा राहिला होता. मी झोपलेले, आई बाहेर बाकावर. त्याने फोन छातीशी धरला आणि कुणाला दिसू नये म्हणून स्क्रीनकडे न बघता बटण दाबलं. तोही आईला घाबरतो, तुझ्यासारखाच. तो अंधार त्याने दोन वर्षं पुसलेला नाही. मला म्हणाला, "निवे, याच्या पलीकडे तो आहे गं."

अण्णांना मी कधीच पाहिलं नाही. माझ्या लग्नाआधीच ते गेले. तरी त्यांचा तो कंपनीच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला फोटो, ज्याला ज्योतीरामच्या वडिलांनी रंगाने कोट चढवला, तो रोज बघून बघून मी त्यांना ओळखते. उद्या भाजी मंडईत समोर आले तर पदर सावरून नमस्कार करीन. न पाहिलेला सासरा मला ओळखीचा आणि पोटचा मुलगा अनोळखी. लोक फोटो हौसेने काढतात असं मला वाटायचं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मोबाईल उंच धरून उभे राहणाऱ्या आयांना मी नावं ठेवायचे, पुढे बघा म्हणायचे. आता त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. काढा गं बायांनो, सगळं काढा.

आणि खरी गोष्ट ही. येणारे जाणारे, आई, माझी आईसुद्धा, सगळे म्हणतात, "तोच परत येतोय." माझ्या पोटावर हात ठेवून म्हणतात. प्रेमाने म्हणतात, मला कळतं. पण मला ओरडावंसं वाटतं की नाही, तो परत येत नाहीये! हे दुसरं कुणीतरी आहे. तो होता, तो वेगळा होता, तो गेला. पंधरा तारखेला हे बाळ हातात येईल, त्याला चेहरा असेल, आणि तो चेहरा सरळ जाऊन त्या रिकाम्या जागेवर बसेल. मग मला दोन मुलं झाली होती हे मी स्वतःच विसरेन. आई नव्या बाळाकडे बोट करून म्हणतील, अगदी असाच होता, आणि मी हो म्हणेन. मी हो म्हणेन याचीच मला भीती वाटते.

त्याआधी मला तो एकदा बघायचाय. एकदाच. माझ्या पाया पडण्यावर तुझा विश्वास नसेल, आणि वाकताही येत नाही मला आता. पण मी तुझ्या पाया पडते. शोध. नाहीच सापडला तर निदान मला लिही की तू तो बघितला होतास, आणि तो कसा होता ते लिही. काढलास तेव्हा तू त्याच्याकडे नीट बघितलं असशील. माझ्यापेक्षा नीट.

वाट पाहतेय.

निवेदिता


रहाटणी,
१४ डिसेंबर २०२५, रविवार

माझी अनू,

तुझं पाकीट शुक्रवारी मिळालं.

आधी तुझ्या पत्राबद्दल लिहिते, कारण ते वाचून मला तुझी कानउघाडणी करायची आहे. आईंसमोर तू फोटो पुसलास, पण त्याआधीच फोनने तो आपोआप इंटरनेटवर चढवून ठेवला होता, हे तुला मारुंजीत गेल्यावर कळलं. तो अजून आहे हे दिसल्यावर तू ते बंद केलंस आणि पुन्हा कधी उघडलं नाहीस. लिहिलंयस, "पुसला तर त्याला दुसऱ्यांदा मारल्यासारखं झालं असतं, आणि उघडला तर मीच त्याला मारलं हे दिसलं असतं." हे वाक्य मी कितीदा वाचलं सांगू? इंजिनिअर झालीस, परदेशातल्या लोकांच्या चुका दुरुस्त करून पगार घेतेस, आणि दोन वर्षं हे उरात धरून त्या खोलीत एकटी बसलीस? आणि मी इकडे तुला फोन न उचलणारी, शिष्ट म्हणत होते.

ऐक. त्याच्या हृदयात जे बिघडलं होतं ते तू ऑफिसातून निघायच्या कितीतरी महिने आधी, माझ्या पोटातच बिघडलं होतं. डॉक्टरांनी मला कागदावर आकृती काढून दाखवलं होतं. तुझ्या फोनचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे मी वहिनी म्हणून नाही, त्याची आई म्हणून सांगतेय, आणि या बाबतीत माझ्यापेक्षा जास्त हक्क कुणाचा नाही. आईंचाही नाही.

आता फोटोबद्दल.

दादा कामावर होता, आई खाली भाजीवाल्याशी हुज्जत घालत होत्या. ओट्याशी उभी राहून पाकीट उघडलं. तू तो मोबाईलवर न पाठवता छापून पाठवलास, बरं केलंस. मी बघितला. आणि मी त्याला ओळखलं नाही.

खोटं कशाला लिहू! मला वाटलं होतं, बघताक्षणी ऊर फुटेल. काही झालं नाही. एक लालबुंद, सुजलेल्या पापण्यांचं, चिडलेलं मूल. वरचा ओठ पुढे आलेला. हनुवटीखाली घडी. आणि कपाळावर डाव्या बाजूला हा एवढा जांभळा वळ, जन्माच्या वेळी ओढून काढताना पडलेला. तो वळ मला आठवत नव्हता. तुझ्या दादाला आठवत नव्हता. फ्रेममधल्याला तर नाहीच. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला आठवणीत स्वच्छ पुसून ठेवलं होतं. मी फोटो उलटा करून मागे बघितलं, तुझ्याकडून चुकून दुसऱ्या कुणाचा तर आला नाही ना म्हणून. मनात म्हटलं, हा कोण?

मग हात दिसला. त्याच्या पोटावर ठेवलेला, सलाईनची सुई टोचलेला, वर आडवी पट्टी. आणि करंगळीच्या नखात निळा रंग. आदल्या दिवशी शाळेत मुलांना पोस्टर रंगवून दाखवताना मला कळा सुरू झाल्या होत्या आणि मी हातसुद्धा न धुता तशीच गेले होते. तो हात माझा. म्हणजे हा माझा.

आईने आपल्या लेकराला ओळखलं ते असं, अनू, स्वतःच्या नखातल्या रंगावरून. मग मी खाली फरशीवर बसले आणि त्याच्याकडे पाहत राहिले, भाजी घेऊन आई वर येईपर्यंत. आता तो मला पाठ झालाय. डोळे मिटले की दिसतो, वळासकट. चिडका आहे. तुझ्यावर गेलाय, खरं सांगते.

केसांचा निकाल काही लागला नाही. डोक्यावर हॉस्पिटलची टोपी आहे. ते भांडण आता आमच्या नशिबी जन्मभर.

दादाने बघितला आणि तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. बराच वेळ आलाच नाही. जेवताना एवढंच म्हणाला, "लहान होता गं फार." 

आईंना दाखवायचा की नाही यावर मी खूप विचार केला. मग दाखवला. चष्मा लावून त्यांनी निरखून बघितला.

"कुणाचं गं हे?"

"आपलं, आई."

"न्हाई." त्यांनी भिंतीवरच्या सोनेरी फ्रेमकडे बोट केलं. "आपला त्यो. ह्यो न्हाई आपला."

मी म्हटलं, "हात बघा माझा." त्यांनी फोटो टेबलावर पालथा ठेवला आणि फ्रेमपुढच्या दिव्यात तेल घालायला गेल्या. गणपतीपासून ज्या चेहऱ्यावर त्यांनी जीव तगवला तो मी कुठल्या तोंडाने काढून घेऊ? पण काल संध्याकाळी मी आत पडले होते आणि बाहेर त्यांचं बोलणं कानावर आलं. हळू आवाजात दादाला विचारत होत्या, "धनेश, कपाळाला येवढं लागलं हुतं का रं त्याला?" दादा हो म्हणाला.

उद्या सकाळी मला हॉस्पिटलमध्ये घेतील. सिझेरियन आहे, दुपारपर्यंत होईल म्हणतात. हे पत्र दादा स्वतः घेऊन आलाय. तुला फोनही करता आला असता, आता उचलशीलही, पण पुढचं मला तोंडाने बोलता आलं नसतं.

तू ये. बाळाला बाहेर आणलं की कुणी काही करायच्या आत फोटो काढ. टोपी काढायला लाव नर्सला. वळ असेल तर वळासकट, रडत असेल तर रडताना. दोन्ही बाजूंनी काढ. हातापायांचे काढ. आईंना मी सांगितलंय की अनुया येईल आणि फोटो काढेल. त्या हो म्हणाल्या नाहीत. तू मागे हटू नकोस.

आणि मी फार धीट झालेय असं समजू नकोस. डॉक्टरांचा कागद तोंडपाठ असूनही तू कॅमेरा समोर धरशील तेव्हा जत्रेतलं ते मूल मलाही आठवणार आहे. कदाचित मीच ओरडेन तुझ्यावर, काढू नकोस म्हणून. भुलीच्या गुंगीत असेन, काय बोलेन सांगता येत नाही. माझं ऐकू नकोस. तरी काढ. देव न करो, पण उद्या काही झालंच तर या वेळी माझ्या मुलाला ओळखायला मला स्वतःचा हात शोधत बसायचं नाहीये.

दादा खाली थांबलाय. त्याच्यासोबत आजच ये.

तुझी वहिनी,
दोघांची आई,
निवेदिता